नग एक

तीनशे चाळीस गठ्ठे
अक्कलकोट रोडच्या गोदामात
भिंतीला पाठ टेकून बसलेत.
प्रत्येक टॉवेलवर एका बेटाच्या सरकारी महालाचं चिन्ह :
दोन बगळे, मधे दिवा.
जकार्डची कार्डं मीच टोचली होती.
सहा वेळा नमुना नापास झाला,
बगळ्याची मान जाड येते म्हणून.

मालक म्हणाले, तो देश बुडाला.
मी विचारलं, पाण्यात?
बेट आहे म्हणून विचारलं.
ते म्हणाले, हिशोबात.

नकाशात तो माझ्या नखाएवढा.
नखाएवढ्याला एवढं कोण देतं?
आम्हाला सोसायटी दोन जामीनदार मागते,
त्यातला एक सरकारी नोकर लागतो.

आमच्या घरी, तेलुगूत, कर्जाला अप्पु म्हणतात.
भिंतीपलीकडच्या कन्नड घरात
अप्पु हे धाकट्याचं लाडाचं नाव.
दुपारी बिड्या वळताना आई बोटांवर मोजत पुटपुटायची,
अप्पु, अप्पु,
की तो उंबऱ्यात हजर,
काय देताय म्हणून हात पुढं करून.
आई हसायची.
शेंगा असल्या तर द्यायची.

अकरा दिवस माग बंद.
खटक्याचा आवाज नसला की कानात
कुणीतरी बोलायचं राहून गेल्यासारखं होतं.
यादगिरी यन्नमच्या मोबाइलभोवती आम्ही सगळे.
बेटावरची माणसं महालाचं फाटक चढताहेत,
अंधारातून आलेली, रिकामे डबे घेऊन रांगांतून उठून आलेली.
फोडत काही नाहीत.
कुणी मोठ्या खुर्चीत बसून बघतं, उठतं,
दुसऱ्याला बसू देतं.
मग न्हाणीघरातून एक म्हातारा येतो, चेहरा पुसत.

थांब की, नरसूबाई सादूल म्हणाली. मागं घे.
एकोणीस वर्षं ती काठ शिवते.
ह्यो काठ माझा हाय.
कोपऱ्यात मी उलटा टाका दोनदा घेते, बाकीच्या एकदाच.
यादगिरीनं चित्र ताणून मोठं केलं.
नुसते चौकोन झाले. टाका दिसेना.
तिला दिसत होता.
तिनं आठव्यांदा बघितलं आणि एवढंच विचारलं :
पाणी नीट टिपतंय ना त्याचं?

गठ्ठे विकले जातील तेव्हा पगार, मालक म्हणाले.
बगळे कोण घेणार?
बगळे उसवता येत नाहीत, ते विणलेत.
म्हणून आम्ही पूनम गेटला गेलो,
दोनशे बाया, साठेक पुरुष,
खांद्यावर एकेक टॉवेल,
एप्रिलातलं त्रेचाळीस डिग्रीचं ऊन.
निवेदन मी लिहायचं, अक्षर बरं म्हणून.
'प्रति' लिहिलं, स्वल्पविराम दिला
आणि पेन तिथंच.
मालक? त्यांचंच बिल थकलंय.
कलेक्टर साहेब? त्यांनी काही टॉवेल मागवले नव्हते.
ते राष्ट्रपती? ते तर विमानात बसून गेले, पत्ता नाही.
ज्यांनी त्यांना दिलं ते?
त्यांचं नाव कुणालाच नीट म्हणता येईना.

कुणाच्या विरोधात घोषणा द्यायच्या, यावर
झाडाखाली दोन गट पडले.
शेवटी नुसतं 'पाहिजे, पाहिजे' झालं.
काय पाहिजे, ते ज्याचं त्यानं मनात भरलं.

फाटकावरचा हवालदार घामानं निथळत होता.
पोरगाच होता, मिशी नुकती आलेली.
नरसूबाईनं खांद्यावरचा काढून त्याला दिला.
त्यानं इकडंतिकडं बघितलं,
साहेबाची गाडी नव्हती,
मान पुसली, मग काखा, मग टोपीच्या आतली पट्टी.
बिल कुणाच्या नावं करू मावशी? म्हणाला.
सगळे हसले. तिनं कोपरा तपासला.

निवेदन 'प्रति'च्या पुढं कोरंच दिलं.
आवक-जावकच्या खिडकीनं शिक्का मारला, नंबर दिला.
परत येऊन गोदामाच्या वहीत मी नोंद केली :
बगळे, दिवा, पांढरा.
नग एक. वापरलेला.
ओला.